अप्पा उशिऱ्यांचा आवाज

"थांबा, हसू नका. वाक्य अजून संपलेलं नाही."

उजव्या हाताचा पंजा ट्रॅफिक हवालदारासारखा आमच्यापुढे धरून सर हे म्हणायचे. डाव्या हातात पुस्तक असायचं, नजर मात्र आमच्यावर. कुणाच्या ओठाचा कोपरा जरा हलला तरी त्यांना दिसायचा. मग पंजा खाली यायचा, वाक्याचे राहिलेले दोन शब्द ते अगदी हळू, जवळजवळ कंटाळल्यासारखे उच्चारायचे, आणि बिराजदार काका खुर्चीसकट मागं कलंडायचे.

अप्पा उशिरे तुम्हाला ठाऊक असतील. पुस्तकातून नसतील तर नाटकातून, नाटकातून नसतील तर टीव्हीवरून, आणि अगदीच नाही तर हल्ली मोबाईलवर. नसतील ठाऊक, तरी काही बिघडत नाही. जन्मभर सगळीकडे उशिरा पोचणारा एक गृहस्थ आणि दर वेळी त्याने दिलेली लांबलचक सबब, एवढंच त्या गोष्टींत असतं. लिहिणारे गृहस्थ कधीच वारले. अप्पांचा मुक्काम अजून हलला नाही.

सोलापुरात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार माणसं रविवारी सकाळी या अप्पांपायी जमायचो. सर शाळेत भूगोल शिकवायचे, आमच्याच गल्लीत राहायचे. बिराजदार काका होटगीला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. मेहबूबभाईंचं चौकात टेलरिंगचं दुकान. चौथी मी, सहकारी बँकेच्या काउंटरवर दिवसभर लोकांची तोंडं बघणारी. एरवी आमचा एकमेकांशी काही संबंध आला नसता.

सुरुवातीला आम्ही नुसते भांडायचो. बिराजदार काकांना नाटकातला अप्पा प्यारा, मेहबूबभाईंना टीव्हीवरचा.

"नाटकात कसं, समोर माणूस हाय की वो," काका म्हणायचे. "घाम दिसतो त्याचा."

"अरे काका, टीव्हीवाला देखो तो सही," मेहबूबभाई हातवारे करायचे. "चष्मा पुसता ना वो, वैसा कोई नै पुसता."

"चष्मा?" सर शांतपणे विचारायचे. "पुस्तकात अप्पांना चष्मा कुठं आहे?"

आणि या चष्म्यावर आमचे दोन रविवार गेले. सगळी पुस्तकं चाळून झाली. चष्मा आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं. नाही असंही नव्हतं. शेवटी सर म्हणाले, "वाचून दाखवतो. डोळे मिटा आणि सांगा, या माणसाला चष्मा आहे का." त्यांनी एक पान वाचलं. डोळे उघडल्यावर चष्म्याचा विषय कुणी काढला नाही. त्या दिवसापासून सर वाचायचे आणि आम्ही ऐकायचो.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. नकला ते करत नसत. अप्पा सबब सांगू लागले की सरांच्या आवाजात एक भाबडी घाई यायची, आणि ती घाई कुठंच पोचत नाही हे आपल्याला आधीच कळायचं. ते कसं करायचे ते मी आजही सांगू शकत नाही.

एकदा अप्पांचं नाटक गावात आलं. आम्ही चौघे गेलो. नाटकातला अप्पा रंगमंचभर पळत होता, धोतरात पाय अडकून पडत होता. सभागृह नुसतं हसून फुटत होतं. बिराजदार काका डोळे पुसत होते. सर मात्र हाताची घडी घालून बसलेले. प्रयोग संपल्यावर ते थेट आत गेले, आम्ही मागोमाग. नट आरशासमोर बसून रंग पुसत होता.

"काम छान करता," सर म्हणाले. "पण तुम्ही अप्पांना पळवता. अप्पा पळत नाहीत. पळाले असते तर वेळेवर नसते का पोचले?"

नट हसला नाही. दमलेला होता. म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे. पण मला मागच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं."

बाहेर आल्यावर सर आमच्यापुढं चालू लागले. मग म्हणाले, "भला माणूस आहे. मला चारच माणसांपर्यंत पोचायचं असतं, म्हणून माझं जमतं."

वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, अप्पांचं एकही पुस्तक कधी उघडलं नव्हतं. रविवारच्या वाचनाची तयारी सर घरी मोठ्याने करायचे, वाचनालयाची खोली बंद असली तर आम्हीही तिथंच जमायचो, आणि वहिनी आत भाकरी थापत असायच्या. मी विचारलं होतं, "वहिनी, तुम्हाला हसू येत नाही?" तर म्हणाल्या, "हसत बसले तर तव्यावरची कोण बघणार? आणि मला ते कळतच न्हाई. उशीर झाला तर झाला, त्यात हसायचं काय?"

मग सरांचा आवाज बसला. शाळेत ओरडून ओरडून बसला असेल असं आम्हाला वाटलं. त्यांनाही वाटलं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. "आता खरा अप्पासारखा वाटतोय," असंसुद्धा आमच्यातलं कुणीतरी म्हणालं आणि सर खूश झाले. उन्हाळ्याची सुट्टी लागली, शाळा बंद झाली, तरी आवाज सुटेना. तेव्हा कुठं ते डॉक्टरांकडे गेले.

घशाचा कॅन्सर निघाला. सरांनी आयुष्यात सुपारी तोंडात टाकलेली नव्हती.

"डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात," त्यांनी आम्हाला त्या घोगऱ्या आवाजात सांगितलं. "मी म्हटलं, आडनाव उशिरेच लिहून घ्या माझं."

आम्ही हसलो. हसायलाच पाहिजे होतं. मेहबूबभाई उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ते काढलं तर जगायची आशा होती. सर नको म्हणाले. वहिनी त्यांच्यासमोर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मला तुमचं बोलणं नको. तुम्ही पाहिजे." त्यावर सरांनी सही केली.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं कापड. श्वास तिथूनच. घरी आले तेव्हा खूप बारीक झाले होते, पण रविवारी जिना चढून वर आले. एक यंत्र मिळालं होतं त्यांना, गळ्याला टेकवून बोलायचं. ओठ हलवले की त्यातून आवाज निघायचा. सगळे शब्द एकाच उंचीचे, एकाच लांबीचे, पिठाच्या गिरणीसारखी घरघर.

"न म स्का र," यंत्र म्हणालं.

आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. स्वतःच्या लग्नाला निघालेले अप्पा वाटेत दुसऱ्याच वरातीत नाचत राहतात, ती गोष्ट. आम्हा सगळ्यांना पाठ होती. सर वाचू लागले. जिथं थांबायचे तिथं थांबले, पण यंत्राची घरघर थांब्यातही चालू राहिली. जिथं आवाज खाली यायचा तिथं तो खाली येईना. सर डोळ्यांनी वाचत होते, भुवयांनी वाचत होते. सगळं चेहऱ्यावर होतं, कानांपर्यंत काहीच येत नव्हतं. हसायची जागा आली आणि गेली. खोलीत पंखा तेवढा ऐकू येत होता. मग बिराजदार काका हसले. मोठ्याने, मांडीवर हात मारून, जरा उशिराच.

सरांनी काकांकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. नापास झालेल्या मुलाकडे ते तसे बघत असतील. त्यांनी पुस्तक मिटलं, यंत्र पिशवीत घातलं आणि माझ्याकडे बोट केलं. तू वाच.

मी वाचलं. वाईट वाचलं. ते हाताने सांगत राहिले, हळू, आणखी हळू, इथं थांब. मी थांबले की फार थांबायचे, नाही तर पुढं निघून जायचे. काही रविवार असे गेले. एके दिवशी त्यांनी हात हलवणं सोडून दिलं, नुसते खिडकीबाहेर बघत बसले. पुढच्या रविवारी आले नाहीत.

आमचा मोबाईलवर 'उशिरे मंडळी' नावाचा ग्रुप होता. कुणाकुणाच्या ओळखीने त्यात पुष्कळ माणसं शिरली होती. अप्पांची नवी मालिका मोबाईलवर सुरू झाली तेव्हा सगळे तिचे तुकडे टाकू लागले. त्यात अप्पा शिव्या देतो, मोटारसायकल चालवतो. लोक हसणारे चेहरे पाठवायचे. सरांनी एकदा लिहिलं, "हे अप्पा नाहीत." खाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, "काका, जमाना बदलला, चिल करा." सर ग्रुपमधून बाहेर पडले. त्या दोन ओळींच्या खाली लगेच दुसरे तुकडे येऊन पडले.

दिवाळीनंतर गाठ परत आली, या वेळी मानेला. डॉक्टरांनी आता काही करायचं नाही असं सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा सर कॉटवर भिंतीकडे तोंड करून होते. उशाशी अप्पांचं एकही पुस्तक नव्हतं. मी म्हटलं, "सर, वाचू का थोडं?" त्यांनी मान हलवली. नाही. मग माझा हात धरला आणि थोपटला, जणू मलाच काही झालं होतं.

ते गेले तेव्हा आम्ही तिघे होतो. शाळेतली पुष्कळ मुलं आली होती. रविवारची खोली त्यानंतर आम्ही उघडली नाही. बिराजदार काका मुलाकडे गेले. मेहबूबभाई दुकानाच्या दारात दिसतात, आम्ही एकमेकांना हात करतो.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. "त्यांचं वाचलेलं कुणाकडं भरून ठेवलेलं हाय का? फोनमधी?"

मी सगळ्यांना आधीच विचारलं होतं. कुणाकडेच नव्हतं. इतकी वर्षं फोन आमच्या खिशात होते आणि आम्ही ऐकत होतो. माझ्या फोनमध्ये सरांच्या आवाजातला एकच निरोप सापडला, "उद्या खोली बंद आहे, चौकात भेटू," एवढाच. तो मी त्यांना पाठवला. त्यांनी फोन कानाशी धरून दोनदा ऐकला.

"ह्यात हसण्यासारखं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "ताई, तुमी लोक एवढं कशाला हसायचा? तो मयताचा किस्सा हाय ना, बिराजदार लोळायचे त्याला. मी आतून नुसतं हसणंच ऐकायचे. सांगा की मला एकदा नीट."

मी सांगू लागले. अप्पांना माळशिरसला मित्राच्या मयताला जायचं असतं. पोचतात दहाव्या दिवशी, तेही चुकीच्या घरी. तिथं असतं बारसं. अप्पा दारातूनच रडत शिरतात. घरच्यांना वाटतं, किती मायेचा माणूस. त्यांना पानावर बसवतात, जिलेबी वाढतात. अप्पा रडत रडत खातात आणि शेजारच्याला विचारतात, "शेवटी काही बोलला का हो?" शेजारचा म्हणतो, "अजून कुठलं बोलणं त्याचं!"

इथं मी थांबले. पुढचं वाक्य मला एकदम समोर दिसलं. इतक्या वेळा ऐकलेलं, आणि ते काय आहे हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

"मग?" वहिनी म्हणाल्या. "अप्पा काय म्हणतो?"

त्या पुढं वाकून बसल्या होत्या.

"अप्पा म्हणतात," मी म्हणाले, "अरेरे, म्हणजे वाचासुद्धा गेली होती."

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. काहीतरी यायचं आहे म्हणून वाट बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला मागल्या दारी गेल्या.