शिडी लावलेली विमानं

इंदूरजवळच्या राऊ गावात भाड्याचं घर बघायला गेलो, तर घरमालक पंखा बंद करून, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेलं जुनं लढाऊ विमान रंगवत होते. चांगलं हातभर लांब. दुपारच्या उन्हात रंगाचा वास तरंगत होता. कपाटात आणखी दहा-बारा विमानं. सगळ्यांची चाकं खाली, काच उघडी, शिडी लावलेली, सीट रिकामी.

"उडणारं एकही नाही?" मी विचारलं.

"नाही भिया. बाबा एअरफोर्समध्ये मेकॅनिक होते. आपलं विमान परत आलं की मगच जेवायचे. एक आलंच नाही."

मग इवल्याशा शिडीवर त्यांनी हलकेच फुंकर घातली. "पायलट आत्ताच उतरलाय. चाय प्यायला गेलाय."

घर बघायचं राहूनच गेलं. मी दाराकडे बघत बसलो.