खांबाच्या डावीकडे

इमारत केवढी आहे हे कळावं म्हणूनच माणूस जन्माला येतो, अशी ठाम समजूत असलेला सिंगापुरातला एकमेव गृहस्थ म्हणजे माझे साडू. दिवसा बँकेतलं ऑडिट आणि उरलेल्या वेळात एका एकोणिसाव्या शतकातल्या विलायती चित्रकाराचं चरित्र लिहिणं, एवढाच त्यांचा संसार. हा चित्रकार अंगात ताप घेऊन बैलगाडीतून हिंदुस्थानातली लेणी नि देवळं रेखाटत फिरला, आणि देवळाची उंची समजावी म्हणून प्रत्येक चित्रात पायथ्याशी एक चिमुकला माणूस उभा करत गेला. साडूंच्या बिशानच्या फ्लॅटवर जेवायला जावं, तर आमटी वाढायच्या आत आपण त्या चित्रकाराबरोबर वेरूळला पोचलेलो असतो. "आणि त्याची बायको?" मी एकदा विचारलं, फुकटच्या जेवणाला जागून एखादा प्रश्न विचारावा लागतो. "असेल लंडनला," साडू म्हणाले. "तिच्यावाचून काही अडलेलं दिसत नाही."

फोटो काढतानाही ते त्याचेच शिष्य. चायनाटाउनातलं देऊळ असो की नदीकाठचं जुनं पोलीस ठाणं, ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, ते रस्त्यापलीकडे पिटाळत. "अजून मागे! खांबाला टेक! अगं, हसतेस कशाला, इथून दिसत नाही!" एकदा मलाही उभं केलं होतं, पण माझ्या पोटापुढे चर्च लहान दिसायला लागलं, म्हणून माझी नेमणूक रद्द झाली.

ताईच्या साठीला भाचीने हौसेने ते सगळे फोटो टीव्हीवर लावले. कमानी, घुमट, जिने सरकत राहिले. "बाबा, आई कुठेय? हे तर स्पॉट द आई झालं, लाह!" भाची इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात ओरडली. पाहुणे हसले, ताईही हसली. साडू उठून मास्तरासारखे दाखवू लागले. "ही काय, कमानीखाली. ही जिन्यावर. आणि ही खांबाच्या डावीकडे, निळ्या साडीत. काय उजेड होता त्या दिवशी!"

"ती मी नव्हे," ताई म्हणाली. "कोपऱ्यातली तारीख बघा. आई गेली तेव्हाची. मी पुण्याला होते."

भाचीने घाईघाईने केक आणला.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं फिरायला निघालो होतो. एका जुन्या चर्चपाशी साडूंनी ताईला थांबवलं आणि फोन घेऊन तिच्या अगदी जवळ गेले. "इकडे बघ जरा."

"आता कशाला?" ताई शांतपणे म्हणाली. "बिल्डिंगच काढा. ती तरी होती तशी आहे." आणि ती माझ्या बायकोबरोबर पुढे निघून गेली.

साडू फोन तसाच धरून उभे राहिले. आता चित्रकाराचं काहीतरी काढतील म्हणून मी सवयीने मान डोलवायची तयारी केली. त्यांनी फोन नुसता खिशात टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, बोलावं यांनी.