कोरिनच्या बहिणी

अलाबामातल्या आमच्या गावात कपडे अल्टर करून देणारं एकच दुकान आहे. तिथं एकवीस वर्षं मी आणि अर्लीन टगल समोरासमोरच्या मशीनवर बसलो. नवऱ्यामुलींचे झगे, शाळेच्या बँडचे गणवेश, पाद्रीबाबांचे कोट, सगळं आमच्या हाताखालून गेलं. अर्लीन हाडापेरानं मोठी, बोलायला तुटक. तोंडात टाचण्या धरून काम करता करता समोरच्याचं माप काढायची, दोन्ही अर्थांनी. एका विषयावर मात्र तिला टाचण्या काढून ठेवाव्या लागत. तो विषय म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीच्या, कोरिनच्या, बहिणी.

कोरिनला सख्खी बहीण एकच, अर्लीन. आई गेली तेव्हा अर्लीन एकोणीस वर्षांची आणि कोरिन नऊ. बाप कागदाच्या कारखान्यात पाळीवर. मग वेणीफणी, शाळेचा डबा, मास्तरणींना भेटायला जाणं, सगळं अर्लीनकडे आलं. लग्नाचं तिनं मनावर घेतलंच नाही. कोरिन अठराची झाल्यावर अर्लीनच तिला गाडीनं विद्यापीठात सोडून आली.

तिथं पहिल्याच वर्षी कोरिनला मुलींच्या एका भगिनी मंडळानं आपल्यात घेतलं. आमच्याकडे या मंडळांचं मोठं प्रस्थ. कोरिनच्या मंडळाचं पांढऱ्या खांबांचं पिवळं घर होतं. मुली तिथं एकत्र राहायच्या, एकमेकींना बहीण म्हणायच्या, तशा शपथा घ्यायच्या. कॉलेज सुटलं तरी त्या शपथा सुटत नाहीत.

त्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोरिन घरी आली. अर्लीन टर्की कापत होती. कोरिन म्हणाली, "माझी बहीण म्हणते, सारणात सफरचंद घालावं."

"मी कधी म्हटलं?" अर्लीननं विचारलं.

"तू नाही गं. टिप्पी म्हणते."

सदतीस वर्षं झाली त्याला. अर्लीन मला हे काल घडल्यासारखं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "ओपल, सुरी माझ्या हातात होती!"

टिप्पी धरून सहाजणी होत्या त्या, मंडळातल्या, कोरिनच्या बरोबरीच्या. कॉलेजनंतर सहा गावांना पांगल्या, पण सुटल्या नाहीत. दर जूनमध्ये आठवडाभर समुद्रावर घर भाड्यानं घेऊन राहायच्या. कोरिनला मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात हजर. तिचा घटस्फोट झाला तेव्हा सहाही जणी ब्रश घेऊन आल्या आणि दोन दिवसांत तिचं सगळं घर रंगवून दिलं. अर्लीन केक घेऊन पोचली तेव्हा भिंती ओल्या होत्या आणि कोरिन हसत होती.

"माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात चमचे कुठल्या खणात आहेत ते मला विचारावं लागलं," अर्लीन मला म्हणाली. "टिप्पीबाईंना डोळे मिटून माहीत! आणि कोरिनला हाक कशी मारतात? पिप! कोंबडीचं पिल्लू आहे का ती?"

"अगं, पण बायका चांगल्या आहेत की."

"चांगल्या आहेत हेच तर! एखादी तरी नालायक निघाली असती, तर मला जरा बरं वाटलं असतं."

दोन वर्षांमागं वसंतात कोरिनच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. मुलगा दूर टेक्ससला नोकरीत. अर्लीननं दुकानातून रजा घेतली, बॅग भरली आणि दोन तासांवर बर्मिंगहॅमला कोरिनच्या घरी राहायला गेली. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. कोरिनचा फोन अर्लीनच्या एप्रनच्या खिशात असायचा.

पहिल्यांदा टिप्पीचा फोन आला तेव्हा कोरिन खरंच झोपली होती. अर्लीननं तसं सांगितलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा कोरिन जागी होती. अर्लीन मागच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "डॉक्टरांनी भेटीगाठी बंद केल्यात. फोनवर बोलूनसुद्धा दमते. मी कळवीन." मग मार्गोला तेच. मग उरलेल्या चौघींना. सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर कोण शंका घेईल? त्यांनी पाठवलेली फुलं अर्लीननं परस्पर चर्चला दिली. पत्रं आली ती आपल्या बॅगेच्या तळाशी ठेवली.

"टिप्पीचा फोन नाही आला?" कोरिन विचारायची.

"नाही बाई. ज्याला त्याला आपापले व्याप असतात."

कोरिन भिंतीकडे तोंड करून पडायची.

मला अर्लीनचा फोन यायचा तो अगदी खुशीतला. आज मी तिला सूप पाजलं. आज तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. आज ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून टीव्ही बघत बसली. तिसऱ्या आठवड्यात बोलता बोलता तिनं मला फोनांचं खरं सांगून टाकलं.

मी म्हटलं, "अर्लीन, हे पाप आहे."

"माहितीय."

"मग?"

"मग काय? ती माझी आहे."

मी तेव्हा कोरिनला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. कुणाच्या घरात कशाला नाक खुपसा, असं मनाशी म्हटलं आणि गप्प बसले.

चौथ्या रविवारी दुपारी टिप्पी थेट दारात उभी राहिली. मोबील शहरापासून चार तास गाडी हाकत आलेली, हातात चिकन-भाताचा हा मोठा कॅसरोल. अर्लीन दार अडवून उभी राहिली.

"सांगितलं होतं ना, भेटायला बंदी आहे?"

"मग खिडकीतून बघते. लांबून बघते. महिना झाला, अर्लीन. हे दारात ठेवते, पण तिला बघितल्याशिवाय मी जाणार नाही."

आतून कोरिनचा आवाज आला, "कोण आहे?"

"पिप!" टिप्पी ओरडली.

कोरिन भिंतीला धरून धरून बाहेर आली. डोक्याला रुमाल. टिप्पीला बघून म्हणाली, "इतक्या दिवसांनी आठवण झाली होय गं?"

"इतक्या दिवसांनी? बाई, मी रोज फोन करतेय!"

मग दोघींनी अर्लीनकडे बघितलं.

कोरिन ओरडली असती तर परवडलं असतं, असं अर्लीन पुढे मला म्हणाली. कोरिननं नुसता हात पुढे केला, फोन मागितला. अर्लीननं खिशातून काढून दिला आणि मग तिचाच बांध फुटला.

"मी तुला वाढवलं! तुझे ताप मी काढले. या कोण लागतात तुझ्या?"

टिप्पीच्या तोंडून गेलं, "तिचं बाळ गेलं तेव्हा आम्हीच होतो तिच्याजवळ—" आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"कुठलं बाळ?"

कोरिन खुर्चीत बसली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते. ज्याचं ते बाळ, तो पोरगा पळून गेला. चौथ्या महिन्यात आपोआपच सगळं संपलं. त्या सहाजणींनी पाळ्या लावून तिला पिवळ्या घरात सांभाळलं, तिच्या परीक्षांचं बघितलं, आणि आजवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस? मी तुझी बहीण ना?"

"नाही, अर्लीन," कोरिन म्हणाली. "तू माझी आई होतीस. फार चांगली आई. पण आईला असलं कोण सांगतं गं? मला बहीण पाहिजे होती. म्हणून मी शोधली."

अर्लीननं त्याच संध्याकाळी बॅग भरली. निघताना पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

सोमवारी ती दुकानात आली आणि हे सगळं मला सांगितलं. रडली नाही. एका झग्याची चांगली घातलेली मुडप उसवत बसली होती.

"लाज कशाची वाटते सांगू? त्या पोरीनं केवढं सोसलं, त्याचं वाईट वाटायला हवं. मला वाईट वाटतंय ते टिप्पीला माहीत होतं याचं."

बुधवारी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन तिनं सहाही जणींना एकेक करून फोन लावले. दार उघडंच होतं. "मी अर्लीन. मी खोटं बोलले. डॉक्टर काही म्हणाले नव्हते." एकीनं फोन आपटला. एकीनं तिला असं काही सुनावलं की अर्लीननं फोन कानापासून लांब धरला, पण ठेवला नाही. मार्गोनं एवढंच विचारलं, "बरं, तिला काय खावंसं वाटतंय?"

त्या आल्या. त्यांनी वारांचा तक्ता करून कोरिनच्या फ्रिजवर लावला आणि त्यात अर्लीनलाही एक वार दिला.

"मंगळवार! माझ्याच बहिणीचा मला मंगळवार देतात, ओपल!" अर्लीनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ती दर मंगळवारी गेली. पहिले दोन मंगळवार कोरिन 'थँक्यू'पलीकडे बोलली नाही. तिसऱ्या मंगळवारी म्हणाली, "सूप खारट झालंय." अर्लीनला तेवढंही पुरलं.

कोरिन बरी झाली. केस परत आले ते कुरळे. पुढच्या जूनमध्ये सहाजणी तिला समुद्रावर घेऊन गेल्या. अर्लीनला कुणी बोलावलं नाही, आणि त्या आठवड्यात तिनं तीन सुया मोडल्या. मंगळवार मात्र दोघींनी चालू ठेवला. तक्ता कधीच निघाला होता.

यंदाच्या शरदातली गोष्ट. एका बुधवारी अर्लीन मशीनवर बसून चक्क गुणगुणत होती. मी विचारलं, "काय गं? लॉटरी लागली?"

"कोरिननं काल मला एक सांगितलं. त्या सहांतल्या एकीलाही माहीत नाही."

"काय?"

तिनं टाचण्या तोंडात धरल्या आणि मान हलवली.

मी महिनाभर मागे लागले. अक्रोडासारख्या पीकनच्या वड्या करून नेल्या. दमदाटी केली. म्हटलं, एकवीस वर्षं तुझं सगळं ऐकून घेतलं ते काय यासाठी? वड्या तिनं खाल्ल्या. सांगितलं काही नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत कोरिनचं नाव निघालं की माझंही शिवणात लक्ष लागत नसे.