काळ्या पडद्यावरचा हत्ती

"सर्वनाश! चित्र कुठे गेलं? अरे बर्गी, चित्र कुठे नेलंस?"

दादा ओरडले तेव्हा कोलकात्यातल्या एस्प्लनेड चौकातल्या ट्राम जागच्या जागी थांबल्या असतील. आमच्या सर्व्हररूममधला एसी तर नक्कीच क्षणभर गप्प झाला. दादा म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने सिस्टिमवाले आणि माझे वरिष्ठ. कधीकाळी मराठी घोडेस्वार बंगाल लुटून गेले, त्यांना तिकडे बर्गी म्हणतात. त्या लुटीचा राग दादा रोज चहाबरोबर माझ्यावर काढत.

सर्व्हरचा पडदा जागेवरच होता. नुसता काळा, एवढंच. आदल्या दिवशी नव्या सर्व्हरवर सिस्टिम टाकताना पडद्यावर प्रश्न आला होता: खिडक्या, चित्रं, माऊस असा सगळा थाटमाट हवा, की फक्त कमांड टाईप करायची साधी मांडणी? मी तेव्हा पुण्याहून नुकताच आलेलो, म्हणजे जगातलं सगळं मला येत होतं. साधी निवडली. मेमरी कमी खाते, अपडेट कमी, चोराला शिरायला दारंही कमी.

"आणि देवाला?" दादा म्हणाले. "आज विश्वकर्मा पूजा आहे!"

आपण दसऱ्याला अवजारं पूजतो, तसं कोलकात्यात या दिवशी रिक्षापासून छापखान्यापर्यंत सगळ्याला फूल चढतं. जुन्या सर्व्हरच्या पडद्यावर दादा दरवर्षी हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याचं चित्र लावत आणि पुरोहित त्यालाच गंध लावत. आता गंध कशाला लावणार? लुकलुकणाऱ्या रेघेला?

"बदल."

"नाही बदलता येत, दादा. या आवृत्तीत एकदा निवडलं की निवडलं. सगळं पुसून पहिल्यापासून टाकावं लागेल. दिवस जाईल."

"असं? मग तुला कायम करायच्या कागदाचाही मी पहिल्यापासून विचार करतो."

माझं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं. दादांची सही नाही, तर डमडमची खोली सोडून थेट पुण्याची गाडी. आणि घरी तर मी सांगून बसलेलो की माझ्याशिवाय कोलकात्यात दिवासुद्धा लागत नाही!

खालच्या मजल्यावर पुरोहित प्रिंटरची पूजा आटपत होते. घंटा ऐकू येत होती. मी कीबोर्डवर झेपावलो. चित्र नाही तर नाही, अक्षरं तर आहेत! तारका, कंस, तिरप्या रेघा रचत मी हत्ती टाईप करायला घेतला. सोंड तीनदा तुटली, एक पाय जास्त झाला, तो शेपटीला वापरला. पुरोहित दारात आले तेव्हा सर्व्हरवर लॉगिन केलं की आपोआप हत्ती उमटत होता.

त्यांनी चष्मा पुसला. "ही म्हैस आहे का?"

"हत्ती!" दादा गरजले. मघाशी माझ्यावर ओरडले त्याच्या दुप्पट. "एवढी सोंड दिसत नाही? आमच्या मुलानं हातानं काढलाय!"

बर्गीचा एकदम मुलगा झालो होतो. पुरोहितांनी मुकाट्यानं म्हशीला, म्हणजे हत्तीला, गंध लावलं. या दिवशी तिकडे संक्रांतीसारखे पतंग उडवतात; बाजूच्या गच्चीवर कुणाचा तरी कापला गेला आणि पोरांनी आरोळी ठोकली. ती माझ्यासाठीच, असं मी आजवर धरून चाललोय.

दोन दिवसांनी कागद आला. सही होती.

आता मी पुण्यात आहे. आमचे सर्व्हर कुठल्या गावात आहेत, मलाही माहीत नाही. दसऱ्याला झेंडूचं फूल लॅपटॉपवर ठेवतो आणि ते घरंगळून खाली पडतं. हत्तीची गोष्ट मात्र मी प्रत्येक लग्नाकार्यात सांगतो. दर वेळी हत्ती वीतभर वाढतो. आता त्याला अंबारीही आहे.

परवा विश्वकर्मा पूजेला न राहवून दादांना बराकपूरला फोन लावला. निवृत्त होऊनही आवाज तसाच, फोन कानापासून लांब धरावा लागतो. आठवणी निघाल्या. मी म्हणालो, "दादा, त्या हत्तीनं माझी नोकरी वाचवली."

"नाही," ते म्हणाले. "सही मी पूजेच्या आदल्या दिवशीच करून पाठवली होती."