राणीचा उजवा हात

माझा धाकटा दीर दयाराम वर्षभर होडीवर असायचा आणि शिमग्याला राणी व्हायचा. रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात शिमग्याला ऐतिहासिक नाटक बसायचं. शाळेचे दत्तात्रेय मास्तर ते लिहायचे आणि तेच बसवायचे. गोष्ट ठरलेली. दरबारातले लोक राजाचे कान भरतात, राणीवर फितुरीचा आळ येतो, अंगावरचे दागिने उतरवून तिला गडाखाली घालवतात. दयारामनं अकरा वर्षं ती राणी केली. बायका रडायच्या, आणि सकाळी तो टोपली घेऊन होडीवरून उतरला की विचारायच्या, "राणीसायब, आज बोंबील हाय का न्हाय?"

संयुक्त महाराष्ट्राची गडबड चालली होती त्या साली मास्तर घरी आले. म्हणाले, "दयाराम, यंदा अलिबागची नाटकवाली मंडळी बघायला येणार. तुझा आवाज दर्यावर ओरडून राठ झालाय. त्यांच्यापुढे हसं झालं, तर पुढल्या वर्षी राणी चंदरला देईन. तो मॅट्रिक आहे."

दयाराम दोन दिवस धड जेवला नाही. लग्न त्यानं केलं नव्हतं, कशाचा हट्ट म्हणून कधी धरला नव्हता. ही राणी तेवढी त्याची होती.

त्यात मुंबईहून नाटकाच्या दागिन्यांची पेटी आली नाही. दरवर्षी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायची. मास्तर म्हणाले, घरात असेल ते घाला. मग नाटकाच्या दिवशी दुपारी मीच त्याला समोर बसवला. माझं लग्नातलं लुगडं नेसवलं, नथ अडकवली. बांगड्या काही त्याच्या मनगटात जाईनात. साबण लावला.

"गो वयनी, राजाच्या आधी तूच मारतेस मना!"

"राणी हायेस ना? मग सोस."

डावा हात कोपरापर्यंत हिरवागार भरला आणि दिला पाठवून. उजव्या हाताचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आम्हा कोळणींच्यात लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. त्यानं आमच्या नवऱ्याला सांभाळायचं म्हणून. मग जन्मभर बांगड्या डाव्या हातातच. माझ्या लेखी बाईचा हात भरणं म्हणजे डावा हात भरणं.

नाटक रंगलं. दरबाराचा प्रवेश आला. राजा झाला होता हरेश्वर, दोन होड्यांचा मालक. त्याचा प्रधान गरजला, "राणीसाहेब, दोन्ही हात पुढे करा. चुडे उतरवा!"

दयारामनं दोन्ही हात पुढे केले. एक भरलेला, एक बोडका. आमच्या बायकांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. पुढे खुर्च्यांवर बसलेल्या अलिबागकरांत मात्र खसखस पिकली. एकजण मोठ्यानं म्हणाला, "अहो, हिला येतानाच कुणीतरी अर्धी लुटलीय!"

दयाराम आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. आता हा पळतो, असं मला वाटलं. तर तो हात तसाच पुढे धरून हळूच म्हणाला, "या हातातल्या मी लग्नातच दर्याला दिल्या, महाराज. तुम्हाला सांभाळ, म्हणून."

हरेश्वर पडला कोळी, त्याला पुढचं वाक्यच सुचेना. आतून मास्तर "घालवा हिला, घालवा" म्हणून घसा फोडत होते. शेवटी त्यानं "घालवा" म्हटलं, ते इतकं बारीक, की गुन्हा त्यानंच केला होता जणू.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मला वाटलं, झालं, राणी गेली. तोंड उघडायच्या आधीच मी म्हटलं, "चूक माझी हाय, मास्तर. बांगड्या मी भरल्या."

"देशावरची राणी, तिला दर्या कुठला?" मास्तर कुरकुरले. मग खिशातून वही काढली. "ते वाक्य पुन्हा सांग पाहू, दयाराम. अलिबागकर फार वाखाणत होते. कुणी लिहिलं, विचारलं त्यांनी."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

मास्तर चहाच्या बशीत बघत राहिले. म्हणजे स्वतःचंच नाव सांगितलं असणार.

दयारामला एक शब्द आठवेना. "त्या येळी तोंडातून आला, मास्तर. आता न्हाय येत." मग मीच सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

दाराशी जाऊन मास्तर वळले. "चंदरला पुढल्या वर्षी प्रधान देतो," म्हणाले आणि चपला घालून गेले. दयारामनं त्या दुपारी तीन भाकऱ्या खाल्ल्या.