वीतभर नाळ

ती आमच्या लॅबमध्ये आली आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या मनातून उतरली. कारण सांगायलाही लाज वाटते. प्रसूतिगृहातल्या नर्स तिला बसवून चहा पाजत. त्याच दारात मी तीन वर्षं उभी राहत होते, मला कुणी साधं "बसा" म्हटलं नव्हतं.

आमचं काम रक्तवाहिन्यांवरचं. वाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं, आणि त्या पेशी मिळवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे नवजात बाळाची नाळ. तिच्या शिरेतून पेशी सोडवायच्या, वाढवायच्या आणि मग पंपानं त्यांच्यावरून गुलाबी द्रव वाहता ठेवायचा, शरीरात रक्त वाहतं तसा. द्रव थांबलेला असला की या पेशींतलं एक जनुक झोपून असतं. प्रवाह सुरू झाला की ते जागं होतं आणि वाहिनी निरोगी ठेवतं. त्याला जागं करणारं बटण डीएनएच्या कुठल्या तुकड्यात आहे, एवढाच आमचा प्रश्न. मी एक तुकडा धरून बसले होते. तो कापून काढला की जनुक कधी मंदावे, कधी त्याच्यावर काहीच परिणाम होत नसे. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी नाळेला दोष द्यायची: उशिरा मिळाली, चिमट्यानं चेपली, नळाखाली धुतली.

नाळ मिळायचीही फार कमी. परवानगीचा कागद पुढं केला की घरातल्या बायका विचारत, नाळ तर पुरायची असते, तुम्ही नेऊन काय करणार? मी समजावत बसे. त्या ऐकून घेत आणि नाही म्हणत.

ही पोरगी आमच्या हिंदी मुलखातल्याच शहपुऱ्याची, शेतकऱ्याच्या घरातली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मराठी तिला समजे सगळी, बोलताना मात्र अर्धी हिंदी. एकदा मी तिच्यासोबत राइट टाउनच्या त्या प्रसूतिगृहात गेले. बाळाची आजी दाराशीच बसली होती. ही सरळ तिच्या शेजारी खाली बसली.

"आजी, आम्हाला पूरी नाळ नको जी. वीतभर पाहिजे फक्त. बाकी तुम्ही घेऊन जा, अच्छे से पुरा."

आजीनं स्वतःची वीत ताणून दाखवली. "एवढी?"

"हो जी, एवढीच."

आजीनं सुनेला हाक मारून सही करायला सांगितलं.

वीतभर खरंच पुरते. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कागदावर "संपूर्ण नाळ" छापलेलं होतं म्हणून मी संपूर्ण मागत राहिले. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही याचा राग मी तिच्यावरच काढला. परत निघताना, तिनं माझी स्कूटर वाकडी लावली होती, यावरून तिला भर रस्त्यात सुनावलं. ती "सॉरी दीदी" म्हणाली आणि हेल्मेट घालून मागं बसली.

ताज्या नाळा यायला लागल्या आणि आठ महिन्यांत तिला निकाल मिळाला. जनुकापासून कितीतरी लांबचा एक तुकडा, ज्याच्याकडं आम्ही कुणी पाहिलंही नव्हतं. तो कापला की वरून कितीही द्रव वाहू दे, जनुक उठतच नव्हतं. तो पंप मी जोडलेला, नळ्या मी बसवलेल्या, वेग मी ठरवलेला.

"आयत्या बिळावर नागोबा," मी दीक्षितपुऱ्यात घरी येऊन आईला म्हणाले.

आई भाजी निवडत होती. "पोटात दुखून राहिलं वाटते तुह्या. ओवा देऊ का?"

मी चिडून आत गेले. ती बरोबर बोलत होती म्हणूनच चिडले.

नव्या प्रोजेक्टमध्ये एकाच तुकड्यावर काम पुढं जाणार होतं, आणि ज्याचा तुकडा त्याचीच नोकरी टिकणार होती. लॅब चालवणाऱ्या सरांनी अट घातली: तिचा प्रयोग दुसऱ्या कुणीतरी पुन्हा करायचा. "तीन बार. महीने के आख़िर तक तीनों बार आया, तो मानूँगा." नाही आला, तर माझा तुकडा.

"मी करते," मी म्हणाले.

सगळ्यांना माझ्या मनाचा मोठेपणा दिसला. मला तो खोटा पाडायचा होता. तुकडा कापलेल्या पेशी कुठल्या आणि न कापलेल्या कुठल्या हे मला कळू नये म्हणून लॅबमधले भैया डब्यांवर नुसते आकडे चिकटवत. पहिल्यांदा त्या आकड्यांची यादी उघडली तेव्हा निकाल तिच्यासारखाच आला. दुसऱ्यांदा आणखी स्वच्छ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिचं खरं आहे हे जगाला पटवण्याचं काम मी स्वतः मागून घेतलं होतं.

तिसऱ्या खेपेला भर दुपारी मी पंपापाशी उभी होते. नळीत एक बुडबुडा आला. मुगाएवढा. असा बुडबुडा पेशींवरून गेला की अस्तर सोलून निघतं आणि प्रयोग संपतो. तो घालवायला नळीला नखानं एक टिचकी पुरते. हजारदा मारली असेन मी तशी टिचकी. त्या दुपारी मी हात खिशात ठेवला आणि त्याला जाताना पाहत राहिले.

वहीत लिहिलं, "नळीत बुडबुडा. प्रयोग रद्द." त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मला बरं वाटलं. खरंच सांगते, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. महिना संपायला सोळा दिवस होते, आणि नाळ मिळवून पेशी वाढवण्यातच दहा जातात. मी तर आठवडाभर नाळ शोधायलाही जाणार नव्हते.

ती तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी गावी गेली होती. भैयांनी तिला फोनवर सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅबच्या दारात उभी, हातांवर हळद तशीच, आणि हातात बर्फाचा डबा. पहाटेची बस धरून आली होती, वाटेत प्रसूतिगृहातून नाळ घेतली होती.

"दीदी, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? बुडबुडा तर कोणाच्याही हातून येतो. होऊन जाईल." डबा माझ्या हातात देऊन ती लग्नाला परत गेली. मी डबा धरून उभी राहिले. तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला काही कारण सापडेना.

या वेळी मी एकही बुडबुडा जाऊ दिला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंपापाशी बसून होते. चांगुलपणा नव्हता तो. पुन्हा बिघडलं असतं तर ती पुन्हा डबा घेऊन आली असती, आणि ते मला सोसलं नसतं. निकाल तिसऱ्यांदाही तोच आला. सरांनी माझा तुकडा फळ्यावरून पुसला.

या निकालावरचा पेपर लिहायच्या दिवशी सरांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. ती म्हणाली, "सर, पहला नाम हम दोनों का. बराबर का. दीदींनी इतकी मेहनत केली नसती तर हे कोणी मानलंच नसतं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. पहिलं नाव म्हणजे नव्या प्रोजेक्टमध्ये जागा, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. "ठीक है?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझं वय एकोणचाळीस. चार वर्षांत एक पेपर नाही. आईची पेन्शन आम्हा दोघींना पुरणारी नाही. हे सगळं मी त्या एका क्षणात मनात म्हणून घेतलं.

"ठीक आहे, सर," मी म्हणाले. तिनं टेबलाखालून माझा हात दाबला.

पेपर छापून आला. लोक अभिनंदन करतात, मी थँक्यू म्हणते. ती आता दुसऱ्या शहरात आहे, सणाला फोन करते. तिच्या निकालाचा हेवा केव्हाच विरला. आता हेवा वाटतो तो तिनं अर्धं नाव किती सहज देऊन टाकलं याचा. तिच्या जागी मी असते, तर मला ते देववलं नसतं.