चुन्याच्या रेषा

शेजारच्या भिंतीला चुना लावतायत. त्या वासानं तीर्थपुरीचं मैदान आठवलं. मीच जमवलेल्या आमच्या मुलींच्या फुटबॉल क्लबचा पहिला सामना होता. मी चुन्यानं रेषा आखत होते. तेवढ्यात आमची कर्णधार संगीता धापा टाकत आली, हातात बूट.

"काल सुपारी फुटली माझी. घरचे न्हाई म्हणून राह्यले. हे बूट सुमनला दे, ती खेळंल."

"तुझ्याशिवाय खेळायचं म्हंजी त्यांच्यापुढं झुकायचं. बिलकुल न्हाई!"

"ती बायांच्या चळवळीची पत्रकं वाचून डोकं फिरलंय तुझं," ती हसली. "खेळा गं बाई."

घरच्यांना चुकवून आलेली ती लगेच परतली. मी तत्त्वासाठी सामना सोडला. मुली पांगल्या, क्लब पुन्हा जमलाच नाही. कोऱ्या रेषांमध्ये मी एकटी उभी होते, ताठ मानेनं. संगीताच्या घरच्यांनी एकीला घरी बसवलं होतं. बाकीच्या सगळ्यांना मी.